मुंग्यांची इस्त्री

त्या दोघी जावा. घरात, गल्लीत आणि कारखान्यात सगळ्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ठाऊक. थोरली इस्त्री करायची आणि धाकटी कारखाना चालवायची. कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाचा पत्र्याच्या छपराचा लांबट हॉल. दोन्ही भिंतींना शिलाई मशीन, मधोमध कापड कापायचं टेबल, आणि मागच्या खिडकीपाशी, जिथे दुपारचं ऊन तिरपं येऊन कापसाची धूळ सोन्यासारखी तरंगवत ठेवतं, तिथे थोरलीचं इस्त्रीचं टेबल.

त्या टेबलावरून उतरलेली विजार अंगात घालायला माणूस कचरत असे. शाळेच्या गणवेशाची साधी विजार ती, पण पायावरची घडी अशी सरळ, जणू चांगल्या नांगऱ्यानं दोरी न लावता काढलेलं तास. थोरली उंचीनं बेताची, अंगानं काटक. बोलायला लागली की समोरच्याला वाटे, आपणच चुरगळलेलो आहोत आणि आता आपल्यावर पाणी शिंपडलं जाणार आहे.

हे वेड तिला सासरी आल्यावर लागलं. नवी नवरी असताना तिनं उत्साहाच्या भरात सासऱ्यांचा एकुलता एक बरा सदरा इस्त्रीला घेतला आणि पाठीवर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटवला. घर चिडीचूप झालं. सासऱ्यांनी सदरा उचलला, तसाच अंगात घातला आणि बाहेर पडले. कुणी विचारलं की सांगायचे, सुनेनं शिक्का मारलाय, आता मी कुठे हरवायचा नाही. रागावले असते तर थोरली दोन दिवसांत विसरली असती. ते हसले म्हणून ती जन्मभर विसरली नाही. पुढे तिच्या हातून एक धागा म्हणून करपला नाही. घराच्या खिडकीत बसून तिनं कितीतरी वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे कडक केले. धाकटीनं शिवणाचा कारखाना काढला तेव्हा थोरली आपली जुनी इस्त्री काखेत मारून तिकडे आली. म्हणाली, हात माझा आणि इस्त्रीही माझीच, दुसरीवर माझं मन बसत नाही.

घरात धाकटीनं भाजीत मीठ किती घालायचं हे थोरली ठरवायची. कारखान्यात थोरलीनं आधी कोणता गठ्ठा घ्यायचा हे धाकटी सांगायची. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. सकाळी दोघी बरोबरच निघायच्या आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर केव्हातरी सत्ता बदलायची. तिथपर्यंत थोरली पुढे चालायची, तिथून धाकटी. संध्याकाळी परतताना उलट.

आता त्या इस्त्रीविषयी. ती काळी होती, जड होती आणि तिच्या मुठीच्या बुडाशी एक पितळी स्क्रू होता. त्या स्क्रूला बोट लावलं की बोटातून मनगटापर्यंत मुंग्या धावत. थोरलीला हे खिडकीत बसायची तेव्हापासून माहीत होतं. ती लाकडी फळीवर उभी राहून काम करायची आणि फळीवर मुंग्या येत नाहीत, हेही तिनंच शोधून काढलं होतं. पण तिची खरी करामत पुढची. एकदा काज-बटणवाली अंगठा चोळत तिच्याशी बोलत उभी होती. दिवसभर सुई दाबून तिचा अंगठा लाकडासारखा व्हायचा. बोलता बोलता तो स्क्रूला लागला. ती दचकली, मग अंगठा हलवून पाहिला, आणि म्हणाली की आखडलेला सुटल्यासारखा वाटतोय.

झालं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत थोरलीच्या टेबलापाशी रांग लागू लागली. शिवणाऱ्या बायकांची मनगटं, पाय चालवून दुखलेले घोटे, कात्री धरून सुजलेली बोटं. थोरली वैद्यासारखी एकेकीला विचारायची, कधीपासून दुखतंय, रात्री झोप लागते का. मग डोस ठरवायची. पायात चपला असतील तर मुंग्या जेमतेम. तो लहान डोस, नाजूक बायकांसाठी. अनवाणी कोरड्या फरशीवर मधला डोस. आणि आठवड्याच्या शेवटी फरशी धुतली जायची, तेव्हा ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की जालीम डोस. तो ती सहसा देत नसे. तुझं दुखणं अजून तेवढं मोठं नाही, असं म्हणून बायकांना परत पाठवायची, आणि त्या बिचाऱ्या हिरमुसून जायच्या.

सगळ्यात निष्ठावान रोगी म्हणजे कटिंग मास्तर. पोटानं गोल, स्वभावानं शंकेखोर. या सगळ्या बायकी समजुती आहेत असं तो रोज म्हणायचा आणि रोज रांगेत पहिला असायचा.

धाकटीला हे सगळं दिसत होतं. तिचं स्वतःचं मनगट एकदा धरलं होतं तेव्हा तिनंही, कुणी नाही असं बघून, मधला डोस घेतला होता. बरं वाटलं की वाटल्यासारखं वाटलं, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

मग कामगार कचेरीतून छोट्या कारखानदारांना बोलावणं आलं. तिथल्या तपासनीस बाई सर्दीनं बेजार होत्या, पण बोलायला पक्क्या. त्यांनी सांगितलं, की कामाच्या जागी विजेवर चालणारी जी जी वस्तू आहे ती धडधाकट ठेवणं ही काम देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. विकत घेताना बघितलं म्हणजे झालं नाही. वापर चालू असेपर्यंत ठरावीक काळानं जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची, बिघडलेली बाजूला काढायची, लोकांना नीट वापरायला शिकवायचं. काम करणाऱ्यांवरही बंधन आहे, त्यांनी बिघाड दिसला की सांगायचा, दडवायचा नाही. धाकटीनं विचारलं, की वस्तू कारखान्याची नसेल, कुणी घरून आणलेली असेल तर? बाई म्हणाल्या, तुमच्या सॉकेटला लागली की ती तुमची जबाबदारी.

धाकटीला राहवलं नाही. "आणि आणणारी माझी थोरली जाऊ असेल तर?"

जमलेले सगळे हसले. बाईंनी नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कायद्यात जाऊ नाही हो. काम देणारा आहे आणि काम करणारा आहे. बाकीची नाती तुम्ही घरी सांभाळा."

ते वाक्य धाकटीनं परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा चघळलं. कारखान्यात एखाद्याला काही झालं तर उत्तर तिनं द्यायचं होतं. आणि त्यासाठी जिच्या हातातून इस्त्री काढून घ्यायची, तिच्याच हाताखाली तिला रोज स्वयंपाक करायचा होता.

तिनं वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणजे कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर आणि कशाचीही घाई नाही असा माणूस. तो येणार हे थोरलीला आदल्या दिवशीच कळलं. त्या सकाळी ती कारखान्याची साधी इस्त्री घेऊन नाक मुरडत काम करत बसली. वायरमननं एकेक मशीन उलटंपालटं केलं, वायरी वाकवून पाहिल्या, जे ठीक ते हिरवी पट्टी लावून सोडलं, दोन पंखे लाल पट्टी लावून उतरवले. थोरलीच्या टेबलाशी आला तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं आणि त्याच्या आईची चौकशी केली.

धाकटी मागे उभी होती. तयार सदऱ्यांच्या गठ्ठ्याखालून काळ्या वायरीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं बाहेर आलेलं तिला स्वच्छ दिसलं. थोरलीनंही पाहिलं, की हिनं पाहिलं. क्षणभर दोघींची नजर त्या शेपटीवर एकत्र टेकली. मग धाकटी वायरमनकडे वळली आणि तिनं भलताच विषय काढला, की तपासनीस बाई सांगत होत्या तो सुरक्षेचा खटका मुख्य बोर्डावर बसवता येईल का. वायरमन खूश झाला. म्हणाला, बसवायलाच हवा. वीज वाट सोडून दुसरीकडून, एखाद्या माणसातून वगैरे, जायला लागली की हा खटका डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यानं तो त्याच दिवशी बसवला. धाकटीनं मनाशी म्हटलं, आता झालं की सगळं कायद्यानं. मनानं काही हो म्हटलं नाही, पण तिनं ते ऐकून घेतलं नाही.

मधल्या डोसांना त्या खटक्यानं काही हरकत घेतली नाही. मुंग्या थोड्या होत्या, त्या त्याच्या हिशेबात बसत नव्हत्या. रांग पुन्हा सुरू झाली.

आठवड्याचा शेवटचा दिवस आला. फरशी नुकतीच धुतलेली, खिडकीतला आकाशाचा तुकडा तिच्यात उतरलेला. मास्तरचा खांदा सकाळपासून धरला होता. तो थोरलीच्या मागेच लागला, की वहिनी, आज जालीम द्याच. थोरलीनं आढेवेढे घेतले, मग मोठ्या मनानं परवानगी दिली. मास्तरनं बूट काढले, मोजे काढले, विजार घोट्यावर दुमडली आणि लग्नाला उभं राहिल्यासारखा ओल्या फरशीवर उभा राहिला. बोट टेकवून पूर्ण फायदा मिळणार नाही, असा विचार करून त्या शंकेखोर माणसानं स्क्रू सरळ चिमटीत धरला.

त्याच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मग बोर्डावर खट् झालं.

सगळी मशीन एका दमात थांबली. पंखे मंदावले. रेडिओवरचं गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं. मास्तर मागे मुलांच्या विजारींच्या ढिगात बसला होता, पाय वर. बायका हसल्या. दृश्य हसण्यासारखंच होतं. धाकटी मात्र हसली नाही, कारण ती जवळ होती आणि तिला त्याचा हात दिसत होता. अंगठा आणि बोट अजून चिमटीतच होते, पांढरे पडलेले, थरथरणारे.

"बाई," मास्तर हळू आवाजात म्हणाला, "सोडवत नव्हतं. मला सोडायचं होतं."

हसू विझलं. काज-बटणवालीनं स्वतःचा अंगठा पदरात लपवला.

डॉक्टरांनी मास्तरला तपासून घरी सोडलं, आणि वायरमन आला. त्यानं इस्त्री उलटी केली, प्लग हातात घेतला. प्लगला दोनच पिना होत्या. वरची जाड तिसरी पिन करवतीनं साफ कापलेली. थोरलीनं सांगितलं, की घरच्या जुन्या सॉकेटला दोनच भोकं होती, म्हणून आमच्या यांनी कापून दिली होती, आणि छान बसायची. वायरमन म्हणाला, "काकी, आतलं सामान झिजलं की वीज पत्र्यात उतरते. तिला निघून जायला ही तिसरी वाट ठेवलेली असते. ती तुम्ही बंद केलीत, म्हणून ती माणसातून जायची. त्या मुंग्या म्हणजे तीच." मग बोर्डाकडे बघून म्हणाला, की तो खटका बसवला नसता तर... आणि त्यानं पाणी मागितलं.

थोरली म्हणाली, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. पण आवाजाला नेहमीची कड नव्हती.

सगळ्या बायका उभ्या होत्या. धाकटीनं प्लग हातात घेतला आणि म्हणाली, "जाऊबाई, ही इस्त्री आता या सॉकेटला लागणार नाही. दुरुस्त होऊन, तपासून आली तरच."

थोरलीनं फळीवरून पाय खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली. त्या दिवशी पाण्याच्या टाकीशी सत्ता बदलायला धाकटी एकटीच होती.

संध्याकाळी घरात दोघे भाऊ हवा बघून लवकर जेवले आणि काहीतरी आठवल्याचं सांगून बाहेर पडले. थोरलीनं धाकटीचं ताट वाढलं. नीट वाढलं, आवाज न करता वाढलं, आणि तेच जास्त झोंबलं. ताट आपटलं असतं तर निदान बोलायला सुरुवात झाली असती.

शेवटी थोरलीच बोलली. "मला सगळ्यांसमोर बोललीस."

"मास्तरांना धक्काही सगळ्यांसमोरच बसला होता."

थोरलीनं परातीतल्या पिठाची कड बोटानं सारखी केली. "मी मारलं असतं का गं त्याला?"

"तुम्ही नाही. मी." धाकटीनं घास खाली ठेवला. "उत्तर मला द्यायचं होतं. मी त्या दिवशी गठ्ठ्याखाली वायर बघितली आणि तोंड फिरवलं."

"हे बघ, बघितलीस हे मला माहीत आहे. तेव्हाच का नाही ओढून काढलीस?"

"तुम्हाला भ्यायले."

थोरलीचा चेहरा आणखी कडक झाला. पण ओठांचे कोपरे तिचं ऐकेनात. इतक्या वर्षांत धाकटीनं तिच्या पदार्थांचं, घडीचं, पोरं वाढवण्याचं कौतुक केलं होतं. त्यातलं काहीही तिला इतकं आवडलं नव्हतं. तिनं धाकटीला न विचारता आणखी वाढलं आणि म्हणाली, "इतकंही भिऊ नये. कामाच्या ठिकाणी तर नाहीच."

वायरमननं इस्त्री पूर्ण सोडवली. आतलं तापणारं सामान नवं घातलं, नवी वायर, तिन्ही पिनांचा नवा प्लग. तपासलं, पुन्हा तपासलं आणि हिरवी पट्टी लावली. थोरली तिसऱ्या दिवशी कामावर आली. इस्त्री तीच होती, वजन तेच, चाल तीच. फक्त मुंग्या नव्हत्या.

त्यासोबत रांगही नव्हती. जेवणाच्या सुट्टीत बायका आपापल्या मशीनपाशी डबे उघडून बसायच्या आणि थोरलीकडे पाहणं टाळायच्या, जशी एखाद्याच्या घरी वाईट घडल्यावर माणसं टाळतात. मास्तर बरा होऊन आला, पण तिच्या टेबलाला लांबून वळसा घालून जायचा. थोरली घड्या घालायची. घड्या पूर्वीसारख्याच सुरेख. पण रात्री झोप लागते का, कधीपासून दुखतंय, असं विचारायला कुणी उरलं नव्हतं. एकदा ती धाकटीला म्हणाली, की आता मी नुसती इस्त्रीवाली. सहज म्हणाली, कापड उलटवता उलटवता. धाकटीला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. तिच्या हातात खटका होता, हिरव्या पट्ट्या होत्या, पण याच्यावर लावायला तिच्याकडे काही नव्हतं.

एका दुपारी काज-बटणवाली उठून थोरलीच्या टेबलाशी आली. इस्त्री बंद होती, प्लग काढून ठेवलेला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, अंगठा हळूच पितळी स्क्रूला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आल्या बघा मुंग्या. अजून येतात."

मशीनपाशी बसलेल्या बायकांची तोंडं एकदम वळली. दोघी-तिघींनी डबे झाकलेही. थोरलीच्या हातात पुन्हा रांग आली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. धाकटी कटिंगच्या टेबलाशी खडू हातात धरून उभी होती आणि ती बोलणार होती, पण थांबली. हे ओढून काढायचं काम तिचं नव्हतं, असं तिला वाटलं.

थोरलीनं काज-बटणवालीचा अंगठा धरून बाजूला केला. "प्लग कुठे आहे ते बघ," ती म्हणाली. "यात आता काही नाही. आणि कुठल्याही इस्त्रीला पुन्हा असं बोट लावशील तर मी तुला बटण लावायला ठेवणार नाही." ठेवणं न ठेवणं तिच्या हातात नव्हतं, पण ते तिला त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

काज-बटणवालीचं तोंड एवढंसं झालं. "पण दुखतंय हो काकी."

"दुखतंय ते खरं आहे," थोरली म्हणाली. "ते खोटं कोण म्हणतंय?"

मग तिनं टोपलीतून जुन्या सुती चादरीचा एक तुकडा काढला, टेबलावर पसरला, प्लग लावला आणि इस्त्री तापायची वाट बघत काज-बटणवालीला विचारू लागली, की रात्री अंगठा उशाखाली घेऊन झोपतेस का, सुई कोणत्या नंबरची वापरतेस. सगळी चौकशी पूर्वीसारखी, लांबलचक. कापडावरून इस्त्री दोनदा फिरली. तिनं प्लग काढला, तुकड्याची चौपदरी घडी केली, कडेला कड अशी जुळवली, की शाळेतल्या मास्तरांनीही कौतुक करावं. गरम सुती कापडाचा तो वास, उन्हात वाळलेल्या अंथरुणाचा असतो तसा, हॉलभर पसरला.

कटिंग मास्तर लांबून मान उंचावून बघत होता. बूट घातलेलेच होते. एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, की हे काय नवीन, आणि यात वीज तर नाही ना. बायका हसल्या, आणि या वेळी हसू विझलं नाही.

धाकटी टेबलाशी आली. तिनं हात पुढे केला, घडीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. "जाऊबाई, एखादीला भाजलं तर? याची तपासणी कशी करायची?"

थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मिठाचा डबा कुठे असतो हे कुणी तिला विचारलंय. तिनं ती घडी आपल्याच हाताच्या पाठीवर ठेवली, डोळे बारीक करून थोडा वेळ थांबली, एक पदर उलगडला, फुंकर मारली, पुन्हा ठेवून पाहिलं. मग मान डोलावली आणि ती काज-बटणवालीच्या अंगठ्याभोवती गुंडाळली.

"असं," ती म्हणाली. "आधी माझ्यावर. मग दुसऱ्यावर."

काज-बटणवालीच्या मागे रांग लागली होती.